प्रेरणेचा रकाना

रशीदभाई, तुमच्या मय्यतीनंतरचा चाळिसावा होऊन चार दिवस होत नाहीत तोच यवतमाळहून प्रतिष्ठानचा फोन आला. तीच समन्वयक मुलगी, गोड आवाजाची. म्हणाली, "कुंदाताई, आमच्या वार्षिक स्मरणिकेत रशीदभाईंवर दोन पानं हवीत. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? आणि तो बहिणीचा प्रसंग नक्की घ्या हं. त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं उभी राहिले, तर कशाला आले होते तेच आठवेना.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खरं आहे. तुमच्या आलं नव्हतं आणि तुमच्या बहिणीच्या, नसीमच्याही आलं नव्हतं. ते बघणारी त्या सभागृहात मी एकटी होते, कारण मलाच भीती वाटत होती.

तुमचा जन्म कधीचा, शिक्षण किती, संस्था कोणत्या साली नोंदवली, हे मी लिहिणार नाही. पेपरात ते येऊन गेलं. त्यात तुमच्या नावातली शी ऱ्हस्व छापली होती. मी पेनानं ती दीर्घ केली आणि कात्रण ठेवून दिलं. मास्तरीण ना मी, दुसऱ्याच्या चुका मला लगेच दिसतात.

आपली ओळख भांडणानंच झाली, आठवते? माझ्या वर्गातली पायानं अधू असलेली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी झाली. घरी गेले तर तिची सरकारी शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल गोठ्यात उभी, वर कोंबड्या बसलेल्या. पुढचं चाक फिरत नव्हतं. मी ती टेम्पोत घालून दारव्ह्यात बस स्टँडमागं तुमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात आणली. तुम्ही सायकलीकडं बघितलंही नाही. म्हणालात, "गिऱ्हाईक कुठंय?" मी म्हटलं, मीच आहे, मी आणली ना. "तुमी हाताचं पायडल मारनार हाये का? मंग तुमी गिऱ्हाईक नाही. पोरगी आना. तिचे हात मोजा लागते." मी तणतणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आले, तर तुम्ही सुतळी घेऊन तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंत मापलं, सुतळीला गाठ मारली आणि तिलाच विचारलं, "मॅडम, ब्रेक डाव्या हाताले ठेवू का उजव्या?" सातवीतली पोर, तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं असेल. बिल म्हणून तिनं आपल्या तिघांसाठी हॉटेलातून चहा मागवायचा, एवढंच. तोही तिनंच सांगायचा, मी नाही.

तुमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईकच. शिबिरं भरवून सायकली वाटणारे लोक होते, फोटो काढणारे होते, पण चाकातले छर्रे गंजले, चेन तुटली की त्या सायकली जिल्ह्याच्या गोठ्यागोठ्यांत पडून राहायच्या. कारण त्यांचे भाग बाजारात मिळत नाहीत. तुम्ही साध्या सायकलीचे भाग घासून, कापून, जोडून त्या चालत्या करायचात; पहिली केलीत ती नसीमची. पुढं मी रोज शाळा सुटल्यावर दुकानावर येऊ लागले, याद्या करू लागले, पत्रं लिहू लागले. मी तुमच्या डोक्यात संस्था घातली. "संस्था कायले पायजे, कुंदाताई? पान्हा तर हाये ना," असं तुम्ही म्हणायचात. मी ऐकलं नाही. तसं बघितलं तर इथूनच माझं सुरू झालं.

यवतमाळचं ते प्रतिष्ठान तेव्हा नवीनच होतं. जिल्ह्यातलेच डॉक्टर, व्यापारी, निवृत्त प्राध्यापक, बाहेरगावी गेलेले इथले लोक, यांनी मिळून उभं केलेलं. आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांना आपणच मदत करायची, असा चांगला विचार. वाईट माणसं नव्हती ती, आजही नाहीत. मी पहिला अर्ज तुमच्याच शब्दांत लिहिला. तुम्ही सांगितलं तसा, गिऱ्हाईक शब्दासकट. अर्ज परत आला. वर शेरा होता: प्रस्ताव वैयक्तिक दुकानासारखा वाटतो, लाभार्थी स्पष्ट होत नाहीत.

त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हटलं, लाभार्थी लिहिल्यानं काय बिघडतं? तुम्ही ग्रीसचे हात तसेच धरून उभे. "बिघडते ना. लाभार्थी भांडत नाही, ताई. हात जोडते अन् चालला जाते. गिऱ्हाईक भांडते. चेन दोन दिवसात उतरली तर यिऊन शिव्या देते. शिव्या दिल्या पायजे ना त्यानं!" मी म्हटलं, "तुमचं हे तत्त्वज्ञान त्यांच्या रकान्यात बसत नाही." तुम्ही म्हणालात, "मंग त्याइचा रकाना लहान हाये." मला राग आला. तुम्ही बरोबर होतात म्हणून तो आला, हे आज कळतं. पण मी तेव्हा म्हटलं, अर्जाचं मला कळतं, पान्ह्याचं तुम्हाला. तुम्ही हसलात आणि कामाला लागलात.

मग झरी जामणीकडं गेलो होतो, ते आठवते. तिथल्या एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याची सायकल तुम्ही आधीच्या खेपेला दुरुस्त केली होती. त्यावर तो मोहफुलांच्या टोपल्या वाहायचा. आपण पोचलो तर म्हातारा तीनचाकीवरूनच काठी उगारून पुढं. ब्रेक धरतो, चाक अडतं, माझी दोन टोपली मोहं सांडली, काय केलं तू हे! तुम्ही खाली बसून ब्रेक ढिला करत होतात आणि माझ्याकडं मान वळवून डोळे मिचकावत होतात. "पाहा, गिऱ्हाईक!" इतकं खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना आपण फाट्यावर जीपची वाट पाहत बसलो. समोरून एक मुलगा धाकट्या बहिणीला पाठकुळी घेऊन चालला होता. तिच्या पायाला काही झालेलं नव्हतं, नुसता लाड. तुम्ही त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिलात. मग मी काही न विचारताच सांगितलंत. नसीमला लहानपणी पोलिओ झाला, तुम्ही तिला रोज पाठीवर घेऊन शाळेत न्यायचात, पोरं "घोडा आला, घोडा आला" म्हणून चिडवायची. एक दिवस गावात उरूस होता. मौत का कुआँ आला होता, लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवतात तो. पोरं निघाली होती. तुम्ही नसीमला रस्त्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या, कठड्यावर बसवलं, "मास्तरांनी बोलावलं, आत्ता येतो" म्हणालात आणि पळालात.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दोन शो पाह्यले, ताई. दुसऱ्या शोमंदी एकदम याद आली. मंग असा पळालो, असा पळालो का चप्पल तिथंच राह्यली. ऊन उतरलं होतं. ती तिथंच बसून होती. रडत बी नव्हती. मले म्हने, मास्तरनं मारलं का रे तुले? मी म्हटलं, पाढे म्हनासाठी थांबवलं. पाठीवर घेतलं अन् घरी आनलं. तिले आजलोक खरं मालूम नाही. त्या मास्तरशी ती जिंदगीभर नाही बोलली, बापा!" हे सांगून तुम्ही हसलात. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, "पन मी घोडा बनाची लाज धरली ना त्या दिवशी, ते काही जात नाही." जीप आली. तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसलात, मी मागं बायकांत. नसीमला सांगू नका, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. म्हणायची गरजच नव्हती ना.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज मी एकटीनं लिहिला. लाभार्थी तर लिहिलंच, ठिकठिकाणी. फॉर्ममध्ये एक रकाना होता: संस्थेमागची प्रेरणा, दीडशे शब्दांत. आदल्या वर्षी मी तिथं दोन कोरडी वाक्यं लिहिली होती. समन्वयक मुलीनं फोनवर सुचवलं होतं, "ताई, थोडं मनाला भिडणारं लिहा. आमची निवड समिती तोच रकाना आधी वाचते." अन् माझ्याजवळ तर सोनंच होतं. मी तो उरूस लिहिला, तो रपटा लिहिला. लिहिता लिहिता रंगत गेले. तीस वर्षं पोरांना शिकवलंय मी, निबंधाचा शेवट परिणामकारक पाहिजे म्हणून. मोजले तर शब्द जास्त झाले. मग काय कापलं, ठाऊक आहे? तुम्ही परत पळत आलात, ते कापलं. चप्पल राहिली, ते कापलं. पाठीवर घेऊन आणलंत, ते कापलं. त्याऐवजी एक वाक्य टाकलं: "अंधार पडू लागला, तशी ती आठ वर्षांची मुलगी रस्त्यावरून रांगत घरी आली." लिहून मी ते स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं. इतकं छान लिहिलं होतं, म्हणून!

खोटं आहे हे मला कळत होतं. मी मनाची समजूत घातली की हे चांगल्या कामासाठी आहे, अर्जच तर आहे, फाईलमध्ये जाईल, कोण वाचणार आहे. तुमचं वाचणं उर्दूतलं, म्हणून तुम्हाला बाकीचे सगळे रकाने वाचून दाखवले. यंत्रांची यादी, गावांची यादी, पुढच्या वर्षाचं नियोजन. तो एक रकाना सोडला. तुम्ही विचारलंतही, "हे काय हाये मधात?" मी म्हटलं, "काही नाही, आपली माहिती." तुम्ही उर्दूत सही केलीत, लपेटदार.

निवड झाली. यवतमाळला कार्यक्रम ठेवला, आपल्याबरोबर आणखी चार-पाच संस्था. नसीम यायला तयार नव्हती. तुम्हीच आग्रह केलात, "तुह्या सायकलपासून तर सुरू झालं सारं, तू नसशील तर कसं?" ती नवा दुपट्टा घेऊन पहिल्या रांगेच्या कडेला आपल्या तीनचाकीवर बसली. आपलं नाव पुकारलं आणि सूत्रसंचालक म्हणाले, या संस्थेची प्रेरणा मी त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवतो. मी उठून काही बोलायला हवं होतं. अर्धी उठलेही. मग बसले.

त्यांनी फार छान वाचलं. "रांगत" पाशी थांबले. शेजारच्या बाईनं पदर डोळ्याला लावला. तुम्ही व्यासपीठावर उभे, हातात गुच्छ. आधी तुम्ही नसीमकडं बघितलं, मग माझ्याकडं. नसीम फक्त तुमच्याकडं बघत होती. टाळ्या वाजत होत्या आणि लोक मागं वळून, मान उंचावून तिचे पाय बघत होते. रशीदभाई, नसीम आयुष्यात कधी रस्त्यावर जमिनीला टेकली नाही, हे अख्ख्या दारव्ह्याला माहीत आहे. घरात पाहुणे असले तर ती खाटेवरून हलत नसे. ताठ बाई. अन् मी तिला पाचशे लोकांसमोर मातीत उतरवलं.

गाडीनं परतलो. दारव्हा आलं, उतरताना तुम्ही म्हणालात, "येतो मॅडम." ताई नाही. त्या दिवसानंतर तुम्ही मला कधीच ताई म्हटलं नाही. तुमचं वागणं तसंच होतं, चहा तसाच, काम तर दुप्पट. वेल्डिंगचं नवं मशीन आलं, गावोगावी जायला गाडी ठरवली, त्या वर्षात आपण किती सायकली उभ्या केल्या! मी रोज दुकानावर यायचे ते मनात वाक्य तयार करूनच. रशीदभाई, माझं चुकलं. एवढं तर म्हणायचं होतं. पण दुकानात कोणी ना कोणी असायचं. नसलं तर तुमचं तोंड सायकलीत. आणि तुम्ही कुठं काही बोलत होतात? बोलला असतात, भांडला असतात, तर मला माफी मागायला जागा मिळाली असती. एकदाच, गाडीत सामान चढवताना, तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "शब्द तर लय जोरदार होते, मॅडम." मी "अं?" म्हटलं, ऐकूच न आल्यासारखं. असली मी. मराठीची मास्तरीण, अन् एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

मग तुम्ही गेलात. सकाळी दुकान उघडता उघडता छातीत दुखलं, यवतमाळ गाठेपर्यंतही वेळ मिळाला नाही. मी तुमच्या दारात बायकांमध्ये बसले होते आणि माझ्या मनात काय होतं सांगू? तो शब्द माझा होता, हे आता कोणाला कधीच कळणार नाही, असं आलं मनात. क्षणभर का होईना, मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला जितकी शरम वाटते तितकी त्या अर्जाचीही वाटत नाही.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नसीमकडं गेले. प्रतिष्ठानला काहीही लिहून देण्याआधी तिला विचारायचं, एवढं तरी या वेळी करायचं ठरवलं होतं. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. हातमशीन, तुम्हीच दांडा लांब करून दिलेली. मी म्हटलं, ते लोक स्मरणिका काढून राहिले, तो प्रसंग पाहिजे म्हणतात. तिनं मशीन थांबवली नाही.

"छापा म्हनाव. एकदा वाचला, आता छापा. त्यानंच सांगितला होता ना."

"त्यांनी काय सांगितलं होतं तुला?"

"मी घरी आल्याबरोबर विचारलं त्याले. मास्तरनं थांबवलं म्हनून मले खोटं सांगितलं तू, ते जाऊ दे, ल्हान होता. पन मी रांगत आली, हे कोनी लिहिलं? तू मले पाठीवर आनलं का नाही? तर म्हने, नसीम, माह्याच तोंडून निघून गेलं. पैसा मिळावा म्हनून निघून गेलं." तिनं दोरा दातानं तोडला. "मी म्हटलं, आजपासून माह्याशी बोलू नको. रोज सकाळी येत होता, माह्या सायकलीत हवा पाहात होता, चालला जात होता. ईदले शीरखुर्मा ठेवला त्याच्यापुढं अन् तोंड फिरवून बसली मी. उभ्याउभ्या खाल्ला त्यानं. आठ महिने, मॅडम. आठ महिने मी माह्या भावाशी नाही बोलली."

रशीदभाई, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. एवढंच म्हणायचं होतं, नसीम, ते कुंदाताईनं लिहिलं. चार शब्द. तुमची बहीण तुम्हाला परत मिळाली असती. काहून नाही सांगितलं? मी बाईमाणूस, उद्या नसीम चारचौघात मला बोलेल म्हणून? संस्था मोडेल म्हणून? की मी स्वतःच सांगेन, याची वाट बघत होतात? हे शेवटचंच असेल, असं मला वाटतं, आणि ते वाटलं की मी बसल्या जागी मरून जाते.

मी म्हटलं, "नसीम, रांगत हा शब्द माझा होता. रशीदभाईंनी मला सगळं खरं सांगितलं होतं. परत धावत आले तेही, पाठीवर आणलं तेही. ते मी कापलं. त्यांना वाचूनही दाखवलं नाही."

मशीन थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मशीनच्या दांड्याकडं बघितलं. "तुमचा?" म्हणाली. मी मान हलवली. "मंग त्यानं आपल्यावर काहून घेतलं?" मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"नका. मले नका मागू. तो होता तवा सांगाचं होतं तुमी. आता मी हे कोनाशी बोलू? मातीशी बोलू?" अन् मग ती रडली. सभागृहात नाही, मय्यतीच्या दिवशी नाही, तेव्हा रडली. मी जवळ जाऊ लागले तर म्हणाली, "तुमी जा आता, मॅडम."

मी दारापर्यंत गेले. मागून आवाज आला, "लिहा. त्या पुस्तकात लिहा. तुमच्या नावानं लिहा, तुमी काय केलं ते. अन् त्यानं मले घरी आनलं, ते लिहा."

म्हणून ही पानं, रशीदभाई. ही प्रतिष्ठानला जातील, जशीच्या तशी. पुढच्या वर्षी ते आपल्याला दारात उभं करोत न करोत. नसीम माझ्याशी बोलत नाही आणि ते बरोबर आहे. तुम्ही मला माफ केलं होतंत की नाही, हे मी आता कोणाला विचारणार?

तर ज्यांनी त्या दिवशी डोळे पुसले, त्या सगळ्यांसाठी लिहिते. उरूस होता. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बहिणीला रपट्यावर बसवून मौत का कुआँ बघायला गेला. दुसऱ्या शोच्या मध्यात त्याला तिची आठवण आली, तो उठला आणि चपला तिथंच टाकून अनवाणी पळत आला. ती बसून होती. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर घेऊन शाळेत नेलं, आणि त्यानंतर रोज. ती कधीच रांगली नाही. तसं मी लिहिलं होतं. तिच्या भावानं नाही.